पाणीबंदची सूचना कशी लिहावी: महापालिकेत नव्याने रुजू होणाऱ्यांसाठी

मुंबई महापालिकेच्या विभाग कार्यालयात किंवा जनसंपर्क विभागात आलात, की पाणीबंदची सूचना लिहायचे काम लवकरच हाती येते. जल खात्याची टिपणी सहसा जलवाहिनीच्या व्यासापासून सुरू होते: अमुक ठिकाणी १,२०० मिलिमीटर व्यासाच्या वाहिनीची जोडणी. घरी पिंप भरून ठेवणाऱ्या बाईला मात्र एवढेच हवे असते, की आपल्या गल्लीत पाणी येणार का, नसेल तर किती वेळ, आणि आल्यावर ते पिता येईल का. ही उत्तरे पहिल्या दोन ओळींत द्या. व्यास शेवटी गेला तरी चालतो.

परिसरांची यादी हा सूचनेचा जीव. ‘के पश्चिम’, ‘एच पूर्व’ ही विभागांची अक्षरे कार्यालयात पुरतात. रहिवासी ओळखतो तो नाका, चाळ, नगर. शहरभर पाणी एकाच वेळी सोडले जात नाही, म्हणून प्रत्येक नावापुढे नेहमीची वेळ लिहा आणि त्यापुढे ‘बंद’ की ‘कमी दाबाने’ तेही. जुन्या पत्रकावरून यादी उतरवू नका. दोन विभागांच्या हद्दीवरच्या गल्ल्या नेमक्या तिथेच सुटतात. मसुदा चावीवाल्याला वाचून दाखवा. कोणती झडप फिरवली की कोणती गल्ली कोरडी पडते, हे त्याला पाठ असते.

वेळ लिहितानाही घोळ होतात. ‘बुधवारी रात्री १२’ म्हणजे मंगळवार संपताना की बुधवार संपताना? ‘मंगळवारी रात्री ११.५९ पासून’ असे लिहिले की प्रश्न उरत नाही. शिवाय काम संपणे वेगळे आणि नळाला पाणी येणे वेगळे. काम रात्री १० ला संपले, पण त्या परिसराची वेळ संध्याकाळी ६ ते ९ असेल, तर पाणी दुसऱ्या दिवशीच येणार. उंचावरच्या वस्तीत दाब यायला आणखी उशीर लागतो. हे स्पष्ट लिहिले नाही, तर १० वाजून ५ मिनिटांनी फोन सुरू होतात, आणि फोन करणाऱ्यांचा राग रास्त असतो. रिकाम्या वाहिनीत पाणी सोडल्यावर आधी गढूळ पाणी येते. ‘गाळून, उकळून प्यावे’ या ओळीसोबत हे कारणही द्या.

काम लांबले तर नवी वेळ ठरेपर्यंत गप्प बसू नका. ‘काम सुरू आहे, पुढची माहिती ८ वाजता’ एवढे कळवले तरी माणूस टँकरचा निर्णय घेऊ शकतो. आणि व्हॉट्सअ‍ॅपवर टाकायच्या चित्रावर वर्षासह तारीख हवीच. नाहीतर तेच चित्र पुढच्या वर्षी पुन्हा फिरते.

पाणीबंदच्या सूचनेसोबत तक्रारी आणि इतर नोटिसाही हाताळाव्या लागतात. महापालिकेच्या १९१६ या मदत क्रमांकावरची तक्रार नोंदवताना ‘गटार तुंबले’ एवढ्यावर थांबू नका. पर्जन्य जलवाहिन्या (पावसाचे पाणी) आणि मलनिःसारण (सांडपाणी) ही खाती वेगळी आहेत. पाऊस नसतानाही घाण पाणी वर येते का, हे विचारले तर तक्रार सहसा योग्य दारी जाते. ‘संबंधित खात्याकडे पाठवली’ म्हणून ती निकाली काढणे चूकच. लोक फोन करणे सोडतात ते यामुळेच.

झाडतोडीची नोटीस १९७५ च्या वृक्ष संरक्षण कायद्यानुसार वर्तमानपत्रात आणि खुद्द झाडावरही लावावी लागते. ती खिळ्याने ठोकू नका, सुतळीने बांधा, पावसाळ्यात प्लास्टिकमध्ये घाला. हरकतीची शेवटची तारीख आणि हरकत कुठे द्यायची तो पत्ता रस्त्यावरून वाचता येईल एवढ्या मोठ्या अक्षरांत हवा.