दुबईत नव्याने आलेल्या कोकणातल्या पोरांसाठी: घरचे पैसे, गावचे पैसे

पहिला पगार झाला की वाडीत बातमी पोचते आणि मागण्या सुरू होतात. आपल्या आजोबांची मुंबईहून मनीऑर्डर यायची, तेव्हाही हेच होतं. फरक एवढाच की आता मध्ये दोन देशांचे कायदे आहेत.

आधी खात्याचं बघा. गावच्या बँकेतलं जुनं बचत खातं तसंच चालवत राहणारे खूप आहेत. नोकरीसाठी इकडे आलात की फेमा या परकीय चलनाच्या कायद्याप्रमाणे ते एनआरओ, म्हणजे अनिवासी भारतीयाचं साधं खातं, करून घ्यावं लागतं. घरभाडं वगैरे तिकडचं उत्पन्न त्यात जमा होऊ दे. इथल्या कमाईसाठी वेगळं एनआरई खातं उघडा. त्याच्या व्याजावर भारतात कर नाही, आणि पैसे परत बाहेर नेता येतात. आई-वडील, बायको, भावंडं यांना घरखर्चाला कितीही पाठवा, त्यांना त्या रकमेवर कर पडत नाही. मित्राला मात्र वर्षात ५० हजारांच्या वर गेलं की सगळी रक्कम त्याच्या उत्पन्नात धरतात.

रेटच्या मागे फार धावू नका. दिरहम १९९७ पासून डॉलरला ३.६७२५ वर बांधलेला आहे, म्हणजे हलतो तो आपला रुपया. एक्सचेंजच्या खिडकीवर एकच प्रश्न विचारायचा: 'फी कापून तिकडे हातात किती रुपये पडतील?' बोर्डावरचा आकडा आणि हे उत्तर बरेचदा जुळत नाही. हुंडीवाला, म्हणजे बँकेबाहेरून पैसे पोचवणारा, चढा भाव देईल, पण पावती देणार नाही. उद्या जागा घेताना पैसे आले कुठून हे दाखवायला तुमच्याकडे कागद नसेल, आणि हुंडी बेकायदा आहे ती वेगळीच.

आता वर्गणी. जुलै २०२१ मध्ये वाशिष्ठीचं पाणी चिपळुणात शिरलं, तशा वेळी हात आपोआप खिशात जातो. देवळाचा जीर्णोद्धार, शाळेचं छप्पर, कुणाचं डायलिसिस हे तर बारमाही. मनात येतं, व्हॉट्सॲपवर ग्रुप काढू, सगळ्यांचे पैसे एकाच्या खात्यात गोळा करू. हे इथे अजिबात करायचं नाही. अमिरातीत परवाना असलेल्या संस्थेशिवाय कुणालाही देणग्या गोळा करता येत नाहीत. हेतू कितीही चांगला असो, गुन्हा तो गुन्हाच. ग्रुपचा ॲडमिन पहिला अडकतो.

ज्याने त्याने आपापल्या खात्यातून थेट ट्रस्टच्या बँक खात्यात पाठवावेत. वेस्टर्न युनियनसारख्या, तिकडे रोख मिळणाऱ्या सेवेतून संस्थेला देणगी चालत नाही, ती सोय घरच्यांपुरती.

पासपोर्टही बघावा लागतो. भारतीय पासपोर्टवाल्याने स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत दिलेली देणगी परदेशी योगदान धरत नाहीत. पण लंडनच्या आतेभावाने ब्रिटिश नागरिकत्व घेतलं असेल, तर ओसीआय कार्ड (मूळच्या भारतीयांना मिळतं ते) असूनही तो परदेशी स्रोत ठरतो. त्याच्याकडून घ्यायचं तर ट्रस्टकडे एफसीआरए, म्हणजे परदेशी देणग्यांच्या कायद्याखालची, मान्यता हवी, आणि पैसे आधी स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतल्या खात्यातच यायला हवेत. गावच्या देवस्थानांपैकी फारच थोड्यांकडे ही मान्यता असते. म्हणून तो 'तुझ्या खात्यातून फिरवून दे रे' म्हणाला, तर सरळ नाही म्हणा. रागावेल चार दिवस. ट्रस्टच्या अध्यक्षांना नोटीस येण्यापेक्षा ते परवडलं.