मुंबईत फेब्रुवारीत पेरा, एप्रिलमध्ये घरची भेंडी तोडा

फेब्रुवारी लागला की वसंतात काय लावायचं याचे व्हिडिओ धडाधड यायला लागतात आणि त्यातले निम्मे बर्फ वितळणाऱ्या देशातले असतात. आपल्याकडे कसला वसंत, संक्रांतीनंतर चार-पाच आठवडे जरा बरे जातात आणि होळी आली की घामाच्या धारा. त्यामुळे आपलं कॅलेंडर पावसापासून उलटं मोजायचं. हवामान खात्याच्या हिशोबाने मुंबईत मान्सून यायची नेहमीची तारीख ११ जून, आणि २०२५ला तर तो २६ मेलाच येऊन थडकला होता. म्हणजे फेब्रुवारीच्या पहिल्या पंधरवड्यात पेरलं तर हातात साडेतीन महिने, तेवढ्यात जे खायला देईल तेच लावायचं.

म्हणून आधीच सांगते, टोमॅटोचा नाद आत्ता सोडा. नर्सरीवाला छान छान रोपं दाखवेल, पण एप्रिलपासून रात्रीसुद्धा पारा २५च्या आसपासच राहतो आणि अशा रात्रींत टोमॅटोची फुलं फळ न धरताच गळतात. ढोबळी मिरचीचंही तेच. ही मंडळी गणपतीनंतरची. आत्ताची खरी पिकं म्हणजे लाल माठ, मुळा, मेथी, भेंडी, चवळी, गवार, काकडी.

कुंड्या मांडायच्या आधी ऊन बघा आणि नुसतं आजचं बघू नका. जानेवारीत सूर्य दक्षिणेकडे कललेला असतो म्हणून दक्षिणेच्या बाल्कनीत मस्त आतपर्यंत ऊन येतं आणि माणूस खूश होऊन सगळं तिथेच मांडतो. पण सूर्य हळूहळू वर चढतो, मेच्या मध्याला तर मुंबईत भर दुपारी बरोब्बर डोक्यावर येतो, सावली पायाखाली, आणि तोवर तीच बाल्कनी वरच्या मजल्याच्या स्लॅबच्या सावलीत गेलेली असते. तेव्हा दक्षिणेला भेंडी लावायचीच तर अगदी कठड्याला चिकटून, आत पालेभाज्या. पूर्वेची खिडकी सगळ्यात भारी. पश्चिमेला भेंडी-गवार तग धरतात पण पाणी जास्त लागतं. उत्तरेला पुदिना आणि अळू लावून गप्प बसा.

माती. नर्सरीत गोणीत मिळणारी लाल माती नुसती वापरली तर दोन आठवड्यांत कुंडीत वीट तयार होते. एक भाग लाल माती, एक भाग कोकोपीट म्हणजे नारळाच्या काथ्याचा भुसा, एक भाग गांडूळखत किंवा जुनं कुजलेलं शेणखत, आणि कुंडीमागे मूठभर निंबोळी पेंड. कोकोपीट भिजवून एक-दोनदा पिळून पाणी टाकून द्या, त्यात मीठ असतं. अजून एक, ओली माती लय जड होते, खिडकीच्या ग्रिलवर ओळीने कुंड्या ठेवणार असाल तर तळाला रसवंतीवाल्याकडचा उसाचा चोथा भरा, तो फुकट देतो, वजनही कमी होतं आणि कुजून खतही होतं. खाली ताटल्या ठेवाच, नाहीतर खालच्या मजल्यावरच्या काकूंच्या वाळत घातलेल्या साड्यांवर लाल पाणी आणि मग सोसायटीच्या मीटिंगमध्ये तुमचा विषय.

पालेभाज्यांना मासळीबाजारात मिळणारा थर्माकोलचा खोका उत्तम, तळाला भोकं पाडायची आणि पाच-सहा इंच मिक्स भरायचं. त्यात मेथी दाट पेरा, बी स्वयंपाकघरातल्या डब्यातलंच, रात्रभर भिजवून. बाजारात छोट्या छोट्या जुड्या मिळतात ना समुद्र मेथीच्या, वाळूत वाढलेल्या, तशी कोवळीच कापायची, साधारण दोन आठवड्यांत झाली. लाल माठाचं बी खसखशीएवढं बारीक असतं, मूठभर मातीत मिसळून भुरभुरा, नाहीतर एकाच कोपऱ्यात पडतं. महिन्याभरात पहिली भाजी, आणि मुळासकट न उपटता वरून खुडलं तर पुन्हा फुटतो. कोथिंबीर फेब्रुवारीतच उरकून घ्या, मार्चच्या उन्हात ती पानं सोडून फुलावर जाते.

आता भेंडी, कारण या सीझनची राणी तीच. बी घेताना परभणी क्रांती मागा, परभणीच्या कृषी विद्यापीठाचं वाण आहे, पानाच्या शिरा पिवळ्या पडणारा हळद्या त्याच्यावर कमी येतो. बी रात्रभर भिजवून थेट कुंडीतच अर्धा-पाऊण इंच खोल टोचायचं, रोप उपटून दुसरीकडे लावलेलं भेंडीला आवडत नाही. बारा इंच खोल कुंडीत तीन बिया, उगवल्यावर जोमदार एक ठेवा, बाकीची मुळाशी कापा, मन घट्ट करून. दीड महिन्यात फूल येतं, पिवळं, आत गडद मरून ठिपका, एक दिवस टिकतं. फूल उमललेल्या दिवसापासून पाच-सहा दिवसांत भेंडी तोडायचीच. टोक वाकवून बघा, टचकन मोडलं तर खायची, नुसतं वाकलं तर निबर झाली. आणि निबर झालेली झाडावर ठेवू नका, झाड सगळी ताकद बियांत घालतं आणि नवीन फुलं थांबतात. दोन झाडांत काही होत नाही हो, चौघांच्या घरात भाजी करायची तर आठ-दहा झाडं हवीत, म्हणजे एक दिवसाआड तोडून फ्रीजमध्ये साठवता येतं.

काकडीला ग्रिलवर दोरी बांधून चढवा. आधी नुसती नर फुलं येतात आणि लोक घाबरतात की फळच धरत नाही, तर थांबा. मादी फुलाच्या मागे बोटाच्या पेराएवढी काकडी आधीपासूनच असते, त्यावरून ओळखायचं. दहाव्या मजल्यावर मधमाशी येईलच असं नाही, मग सकाळी आठच्या आत नर फूल तोडा, पाकळ्या काढा, आणि मधला पिवळा दांडा मादी फुलाच्या आत हलकेच फिरवा. हे नाही केलं तर ती इवलीशी काकडी पिवळी पडून गळते. भेंडीला आणि चवळीला ही भानगड नाही, त्यांचं आपलं आपण होतं.

पाणी सकाळीच. मार्चमध्ये समुद्राऐवजी जमिनीकडून वारे सुटून पारा अचानक ३८च्या वर जातो, तेव्हा संध्याकाळीही बोट मातीत घालून बघा, वरचं पेर कोरडं लागलं तर द्या. पाणीकपातीच्या दिवसांत तांदूळ-डाळ धुतलेलं पाणी आणि एसीचं पाणी बादलीत साठवायचं, दोन्ही चालतात.

कीड म्हणजे मुख्यतः चवळीच्या शेंड्यांवर मावा, म्हणजे रस शोषणारे बारीक किडे, आणि भेंडीवर पांढरी माशी. मुंग्यांची रांग झाडावर चढताना दिसली की समजायचं मावा आलाय. लिटरभर पाण्यात पाच मिली कडुनिंबाचं तेल आणि भांड्याच्या लिक्विडचे चार थेंब, संध्याकाळी पानांच्या खालून फवारा, उन्हात मारलं तर पानं करपतात. पण खरा शत्रू कबूतर. नुकतं उगवलेलं सगळं उपटून ठेवतं, तेव्हा पेरल्या दिवशीच जाळी लावा, उद्या लावू म्हणालात की संपलं.

मेच्या मध्याला भेंडीच्या सगळ्यात चांगल्या झाडावरच्या दोन भेंड्या मुद्दाम वाळू द्या, बी पुढच्या वर्षीचं, मात्र पाकिटावर हायब्रिड लिहिलेलं असेल तर ही मेहनत करू नका, पुढची झाडं तशीच निघत नाहीत. बाकी झाडं पहिल्या मोठ्या पावसाआधी कापून त्याच कुंडीत बारीक तुकडे करून टाका, आणि ग्रिलवरच्या कुंड्या आत घ्या.