रूमवरच्या वायफायवर स्वतःचा चॅट सर्व्हर कसा बनवायचा

नाशिकला कॉलेज रोडवर चार पोरं रूम करून राहत असतील तर एका वायफायवर चार लॅपटॉप असतातच, आणि स्वतःचा चॅट सर्व्हर चढवायला पायथॉन सोडून दुसरं काही लागत नाही. वेबसॉकेट वगैरे नंतर बघा, आधी साध्या टीसीपी सॉकेटवर (सॉकेट म्हणजे दोन प्रोग्राममधल्या नेटवर्क जोडणीचं टोक) करा, खरी भानगड तिथेच कळते.

क्रम ठरलेला आहे. सॉकेट बनवा, बाइंड (पत्ता आणि पोर्ट नंबर द्या), लिसन (वाट बघा), मग लूपमध्ये ॲक्सेप्ट (येईल त्याला जोडून घ्या). बाइंडला १२७.०.०.१ दिलं तर फक्त तुमचाच लॅपटॉप जोडला जाणार, बाकीच्यांसाठी ०.०.०.० द्या. पोर्ट ९००० वगैरे चालतो. रीयूज-ॲड्रेस ऑप्शन बाइंडच्या आधी लावा, नाहीतर लिनक्सवर सर्व्हर बंद करून लगेच चालू केला की ॲड्रेस ऑलरेडी इन यूज म्हणून रुसून बसतो.

ॲक्सेप्ट दर गड्यामागे नवीन सॉकेट देतो, प्रत्येकाला एक थ्रेड (प्रोग्राममध्ये समांतर चालणारं काम) द्या, दहा-वीस जणांना आरामात पुरतं, उगाच आत्ताच असिंकआयओच्या (एकाच थ्रेडमध्ये अनेकांना सांभाळायची पायथॉनची पद्धत) मागे लागू नका. जोडलेल्यांची लिस्ट ठेवा, तिला लॉक लावा (म्हणजे एका वेळी एकच थ्रेड तिला हात लावेल) आणि मेसेज वाटताना लिस्टची कॉपी करून फिरा, कारण वाटता वाटता एखादा लिस्टमधून निघाला तर त्याच्या पुढच्याला मेसेजच जात नाही.

आता खरी मेख. टीसीपी मेसेज पाठवत नाही, बाइट पाठवतो. गंगापूर धरणावर तुम्ही तीन हंडे ओतले म्हणून घरच्या नळाला तीन हंडे मोजून येत नाहीत, नुसती धार येते, तसंच हे. तुम्ही "द्वारकेला अडकलोय" आणि "मिसळ ठेवा रे" असे दोन मेसेज टाकले तर समोर एकाच रिसीव्हमध्ये दोन्ही चिकटून येतील, नाहीतर पहिला अर्धाच येईल. एकाच लॅपटॉपवर टेस्ट करताना हे सहसा दिसत नाही, म्हणून पोरं खूश होऊन झोपतात.

उपाय सोपा आहे, प्रत्येक मेसेजच्या शेवटी न्यूलाइन टाका, दर क्लायंटचा (जोडलेल्या गड्याचा) वेगळा बफर, म्हणजे बाइट साठवायची जागा, ठेवा, आलेले बाइट त्यात ओता, जोवर न्यूलाइन सापडतेय तोवर तिथे कापत जा, उरलेलं तसंच राहू द्या. आणि डीकोड, म्हणजे बाइटची परत अक्षरं, कापल्यानंतरच करायचं, आधी नाही! यूटीएफ-८ मध्ये (अक्षरं बाइटमध्ये लिहायची पद्धत) देवनागरीचं प्रत्येक चिन्ह ३ बाइटचं, काना-वेलांटी वेगळी धरून, म्हणजे "नाशिक" झाले १५ बाइट. १०२४ बाइटचा तुकडा घेतला की एखादं चिन्ह मधोमध तुटू शकतं आणि प्रोग्राम डीकोड एरर देऊन आडवा होतो. इंग्रजीत हाय-हॅलो करून बघणाऱ्याला हे कधीच कळणार नाही, त्यामुळे टेस्टला लांबलचक मराठीच टाका. न्यूलाइनचा बाइट कुठल्याच चिन्हाच्या पोटात येत नाही, सो तिथे कापणं सेफ आहे.

बफरला मर्यादाही हवी, नाहीतर न्यूलाइन न देता कोणी ओततच बसला तर रॅम संपेल. आयआरसी या जुन्या चॅट पद्धतीच्या १९९३ च्या नियमपत्रात (आरएफसी १४५९) मेसेजला ५१२ बाइटच आहेत, मराठीला ते तोकडे पडतात, ४ केबी ठेवा.

पाठवताना सेंड नको, तो अर्धवट पाठवू शकतो, सेंडऑल वापरा. रिसीव्हने रिकामे बाइट दिले म्हणजे गडी गेला, सॉकेट बंद करा. पण बॅटरी मेली किंवा वायफायची रेंज सुटली तर तेवढंही कळत नाही, सर्व्हरला तो जोडलेलाच वाटतो. लिनक्सचं कीपअलाइव्ह (समोरचा आहे का हे सिस्टिमनेच तपासणं) चालू केलं तरी डिफॉल्टला पहिली चौकशी ७२०० सेकंदांनी होते, काय कामाचं? त्यापेक्षा दर ३० सेकंदांनी स्वतः पिंग पाठवा, ९० सेकंद उत्तर नाही तर काढून टाका. तोवर त्याचा सेंड बफर भरला तर सेंडऑल अडकतो आणि सगळ्या ग्रुपचं चॅट थांबतं, म्हणून दर क्लायंटला स्वतःची क्यू (मेसेजची रांग) आणि पाठवायचा वेगळा थ्रेड द्या.

क्लायंटमध्ये दोन थ्रेड, एक कीबोर्ड वाचतो, एक सॉकेट. कनेक्टच होत नसेल तर आधी विंडोजची फायरवॉल बघा. हॉस्टेलच्या वायफायवर बऱ्याचदा एक डिव्हाइस दुसऱ्याला दिसतच नाही, तिथे मोबाईलचा हॉटस्पॉट लावा. सातपूरच्या मित्राला घरून जोडायचं असेल तर १९२.१६८ वाला, रूमच्या वायफायपुरताच पत्ता चालणार नाही, छोटा क्लाउड सर्व्हर भाड्याने घ्या, आणि तिथे टीएलएस (मजकूर एन्क्रिप्ट करून पाठवणं) लावल्याशिवाय चालू करू नका, नाहीतर सगळा मजकूर वाटेत उघडा जातो.