टाकीतल्या पाण्याचा कुबट वास असा घालवला

जळगावच्या उन्हात गच्चीवरची हजार लिटरची टाकी वास मारू लागली, की नुसती ब्लीचिंग टाकून भागत नाही. बुडाचा गाळ आणि भिंतीवरचा बुळबुळीत थर क्लोरीन खाऊन टाकतात. म्हणून आधी टाकी उपसून नायलॉनच्या ब्रशने घासली. तारेची घासणी नकोच, ओरखड्यांत शेवाळ पुन्हा धरतं.

मग टाकी भरली. 150 ग्रॅम ताजी, 33 टक्के क्लोरीनची पावडर बादलीत कालवून फक्त वरची निवळी ओतली. प्रत्येक नळ क्लोरीनचा वास येईपर्यंत सोडला. पाइप राहिले तर सगळी मेहनत वाया. रात्रभर ठेवून पाणी काढलं, दोनदा खळबळून धुतलं. सोबत ॲसिड अजिबात वापरू नका, विषारी वायू सुटतो. पांढऱ्या टाकीवर सावली हवीच, उजेड शिरला की शेवाळ येतंच.