सिम बदलण्याआधी घरभर फिरा

आईच्या खोलीत फोन लागायचाच नाही. गुडघे दुखत असले तरी बोलायला तिला उठून गॅलरीत यावं लागे. शेवटी कंपनी बदलली, पण आधी नीट पारखून घेतलं.

कंपनीच्या कव्हरेज नकाशावर विसंबू नका. तो बहुधा घराबाहेरचा अंदाज असतो. ज्या कंपनीकडे जायचंय तिचं प्रीपेड सिम किंवा ई-सिम (कार्डाशिवायचं सिम) दुसऱ्या स्लॉटवर आठवडाभर वापरून बघा. मी आईच्या पलंगावर बसून, दार लावून आकडे पाहिले. बऱ्याच अँड्रॉइड फोनमध्ये सेटिंगमधल्या 'सिम स्टेटस'मध्ये सिग्नल डीबीएममध्ये (सिग्नलची ताकद मोजायचं एकक) दिसतो. आकडा उणे असतो, शून्याच्या जितका जवळ तितका चांगला. जुन्या सिमवर उणे ११८, नव्यावर उणे ९७! ७०० ते ९०० मेगाहर्ट्झच्या लहरी भिंतींतून जास्त चांगल्या आत येतात, म्हणून नवी कंपनी कोणते बँड (लहरींचे पट्टे) वापरते आणि आपला फोन ते पकडतो का, हेही बघा.

प्लॅन निवडताना मागच्या तीन महिन्यांचा डेटा वापर काढा. 'अनलिमिटेड' असलं तरी किती जीबीनंतर वेग कमी होतो, ते बारीक अक्षरांत शोधा.

आणि जुनं कनेक्शन स्वतःहून बंद करू नका, नंबर हातचा जाईल! पोर्टिंग, म्हणजे तोच नंबर नव्या कंपनीकडे नेणं, झालं की ते आपोआप बंद होतं. आधी थकबाकी भरा, हप्त्यावर घेतलेला फोन जुन्याच कंपनीच्या सिमपुरता लॉक नाही ना, ते विचारा. पोर्टिंगच्या दिवशी ओटीपी लागणारे बँकेचे व्यवहार ठेवू नका.