वेळ लावायला फोन नको, टायमर घ्या

घरून काम करताना वेळ खातो तो फोन. किती वाजले बघायला उचलायचा आणि सोसायटीच्या ग्रुपवर पाण्यावरून जुंपलेलं भांडण वाचून खाली ठेवायचा. तोवर २० मिनिटं गेलेली! त्यापेक्षा स्वयंपाकघरातला चावीचा टायमर टेबलावर ठेवा. १९८०च्या दशकाच्या अखेरीस फ्रान्चेस्को चिरिलो हा इटालियन विद्यार्थी टोमॅटोच्या आकाराचा असाच टायमर लावून अभ्यासाला बसायचा. टोमॅटोला इटालियनमध्ये पोमोदोरो म्हणतात, पद्धतीला तेच नाव पडलं. २५ मिनिटं एकच काम, ५ मिनिटं सुट्टी, अशा चार फेऱ्या झाल्या की मोठी विश्रांती.

सुट्टीत मात्र पुन्हा स्क्रीन नको. उठा, दोरीवरचे कपडे काढा, पाणी प्या. मध्येच वीजबिल आठवलं तर शेजारच्या कागदावर 'बिल' एवढंच खरडा आणि पुढे चला. मीटिंगांच्या दिवशी हे जमत नाही, हट्ट करू नका.

घरच्यांनाही सांगून ठेवा: टिकटिक चालू असेपर्यंत 'जरा कुरियर घे' नाही. आमच्या आईला हे एका दिवसात अंगवळणी पडलं. आता टायमर वाजला की आतून हाक येते, "ठेवू का रे चहा?"