लाईन बंद झाली, नोकरी गेली: शॉपफ्लोअरवरच्या माणसाने पुढे काय करावं

भोसरी एमआयडीसीत ऑटो पार्ट्सच्या एका कारखान्यात मी अठरा-एकोणीस वर्षं क्वालिटीत होते. इंजिनचे सुटे भाग बनवणारी आमची लाईन बंद झाली आणि विभागच्या विभाग कमी केला गेला. आज मी त्याच पट्ट्यातल्या छोट्या वर्कशॉपना तपासणी आणि कागदपत्रांची कामं करून देते. चाळिशी-पंचेचाळिशीत नोकरी गेलेल्या शॉपफ्लोअरवरच्या माणसांसाठी हे लिहिते आहे. त्यांच्यासाठी फारसं कुणी लिहीत नाही.

सगळ्यात आधी, राजीनामा लिहून देऊ नका. एचआरच्या टेबलावर ‘स्वखुशीने’ हा शब्द असलेला कागद पुढे सरकवला जातो. त्यावर सही झाली की कपातीची भरपाई मागायला फारशी जागा उरत नाही. कंपनीने कमी केलं असेल तर कामगाराला किमान एक महिन्याची नोटीस किंवा तिचा पगार, आणि सेवेच्या प्रत्येक पूर्ण वर्षामागे १५ दिवसांचा सरासरी पगार द्यावा लागतो. १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यात ही तरतूद होती, २०२० च्या औद्योगिक संबंध संहितेतही आहे. ‘मी इंजिनिअर, म्हणजे कामगार नाही’ असं आपणच ठरवून टाकू नका. पदनाम काय आहे यापेक्षा प्रत्यक्षात काय काम करता यावर ते ठरतं. सुपरवायझर असाल तर पगाराची मर्यादाही बघितली जाते. कागद घरी आणा, कामगार कायद्याचं काम करणाऱ्या वकिलाला दाखवा आणि मगच सही करा. व्हीआरएसचा देकार असेल तर तोही याच आकड्याशेजारी ठेवून बघा.

ग्रॅच्युइटी यापेक्षा वेगळी, ती पाच वर्षांच्या सेवेनंतर मिळते. हिशोब स्वतः करून ठेवा. मूळ पगार आणि महागाई भत्ता मिळून २६,००० रुपये असतील तर २६ ने भागून १५ ने गुणा. आले १५,०००, हे एका वर्षाचे. अठरा वर्षांचे २,७०,०००. ही रक्कम ३० दिवसांत द्यायची असते.

पीएफला शक्यतो हात लावू नका. पीएफबरोबरच्या पेन्शनसाठी एकूण १० वर्षांची सेवा लागते. आठ-नऊ वर्षं भरलेली असताना पेन्शनचे पैसे काढून घेतले तर ती सेवा पुढे धरली जात नाही. युएएन (पीएफचा कायमचा क्रमांक) तोच ठेवा, पुढच्या नोकरीत जोडता येतो. कंपनीचा आरोग्य विमा नोकरीबरोबर संपतो, म्हणून सुटण्याआधीच त्याच विमा कंपनीकडे वैयक्तिक पॉलिसीत जाण्याचा अर्ज करा. घरात सासू-सासरे किंवा आई-वडील असतील तर हे काम आजच करा. घराचा हप्ता चुकण्याआधी बँकेत जाऊन बोला.

आता मुख्य गोष्ट, कामाची. बायोडेटावर ‘सिनिअर क्वालिटी इंजिनिअर’ लिहून काही होत नाही. एक वही घ्या आणि तुमच्या हातून सुटलेले प्रश्न एकेक करून लिहा. माझ्या वहीतला एक सांगते. पातळ भिंतीच्या हाउसिंगचा (आवरणाच्या भागाचा) बोअर, म्हणजे आतलं गोल भोक, आमच्याकडे ओके दिसायचा आणि ग्राहकाकडे जाऊन रिजेक्ट व्हायचा. तीन जॉच्या (जबड्यांच्या) चकमध्ये, म्हणजे मशिनच्या पकडीत, जॉब (घडवायचा भाग) घट्ट पकडला की तो तीन ठिकाणी दाबला जातो; तसाच बोअर केला आणि चक सोडला की गोलाई बिघडते. आमचा बोअर गेज दोन बिंदूंवर मोजायचा, आणि तीन कोपऱ्यांची ही बिघडलेली गोलाई दोन बिंदूंच्या मापात सापडत नाही. तीन बिंदूंचा गेज लावला तेव्हा दोष दिसला. मग सॉफ्ट जॉ (मऊ धातूचे जबडे) जॉबच्या मापाला बोअर करून घेतले, पकडीचा दाब कमी केला, आणि रिजेक्शन थांबलं. ही गोष्ट सांगितली की वर्कशॉपचा मालक खुर्ची पुढे ओढतो, कारण त्याच्याकडेही तसाच एखादा जॉब परत आलेला असतो. इंजिनचे भाग कमी झाले तरी पातळ भिंतीचे जॉब इलेक्ट्रिक मोटरच्या हाउसिंगमध्ये आहेतच. तुमचं कौशल्य त्या एका पार्टपुरतं नव्हतं, हे वही लिहिताना तुमचं तुम्हालाच दिसेल. मेंटेनन्स, टूलरूम, स्टोअर्स, कुठलाही विभाग असो, अशी दहा-बारा पानं प्रत्येकाकडे निघतात.

वही घेऊन जायचं कुठे? जुन्या कंपनीच्या वेंडरांकडे. टेल्को रोड, जे ब्लॉक, तळवडे, चाकण इथे वीस-पंचवीस माणसांची शेकडो युनिट आहेत. त्यांना पीपॅपची (ग्राहकाकडून पार्ट मंजूर करून घ्यायच्या कागदपत्रांची) फाईल लागते, ८डी रिपोर्ट (दोषाचं मूळ कारण आणि उपाय लिहिलेला) लागतो, आयएटीएफ १६९४९ (वाहन उद्योगाचं क्वालिटी मानक) च्या ऑडिटआधी कुणीतरी लागतं, आणि पूर्णवेळ क्वालिटी इंजिनिअरचा पगार परवडत नाही. ते तुम्हाला नावाने ओळखतात, तुम्ही त्यांचा माल प्रामाणिकपणे पास-नापास केलेला त्यांनी बघितलाय. भोसरीत गुरुवारी सुट्टी असते. मशिनं बंद असतात आणि बरेच मालक कागदांची कामं उरकायला ऑफिसात बसलेले असतात. त्या दिवशी जा. जुन्या कंपनीची ड्रॉइंग्ज बरोबर नेऊ नका, कुणी मागितली तरी देऊ नका.

‘का काढलं?’ असं विचारतीलच. ‘लाईन बंद झाली, विभाग कमी झाला,’ एवढं सरळ सांगा आणि वही उघडा. नातेवाइकांनाही हेच उत्तर पुरे.

‘नोकरीची हमी’ देणाऱ्या महागड्या कोर्सवर भरपाईचे पैसे घालू नका. ज्या कामाची मागणी समोर दिसते तेवढंच शिका. ड्रॉइंग वाचताना जीडी अँड टी (आकार आणि जागेच्या मर्यादा दाखवणाऱ्या खुणा) अडत असेल तर तेवढाच कोर्स करा.

काम ठरलं की दर तोंडी ठेवू नका. भेटीचे किती, फाईलचे किती, पैसे कधी, हे एका पानावर लिहून दोघांच्या सह्या घ्या. आधार आणि पॅनवर उद्यम नोंदणी करा. ती मोफत आहे, एजंटला पैसे देऊ नका. त्या नोंदणीनंतर केलेल्या कामाचं बिल जास्तीत जास्त ४५ दिवसांत चुकतं करणं समोरच्यावर २००६ च्या एमएसएमई कायद्याने बंधनकारक आहे. वर्षाला २० लाखांच्या आत सेवांची उलाढाल असेल तर सहसा जीएसटी नोंदणी लागत नाही. बिलावर उद्यम क्रमांक आणि तारीख घाला, आणि बिल मिळाल्याची सही त्याच दिवशी घेऊन या.